जँगोमधल्या स्वतःच्या क्वेरी फिल्टरची टेस्ट: काय येतं त्यापेक्षा काय येत नाही ते तपासा

जँगो म्हणजे पायथॉनमधली वेबसाइट बनवायची फ्रेमवर्क, आणि फिल्टर म्हणजे डेटाबेसमधून हव्या तेवढ्याच ओळी निवडणारी अट. अशा फिल्टरची टेस्ट लिहायची म्हटलं की बहुतेक वेळा असं होतं, दोन-तीन रेकॉर्ड बनवायचे, सगळेच्या सगळे फिल्टरमध्ये बसणारे, मग फिल्टर चालवायचा, काउंट तीन आला की टेस्ट हिरवी, म्हणजे पास, आणि आपण जेवायला मोकळे. आता त्याच फिल्टरच्या आतली ओळ पुसून टाका, नुसतं रिटर्न सेल्फ (काहीही न गाळता सगळ्या ओळी परत) ठेवा आणि टेस्ट परत चालवा. तरी हिरवीच! म्हणजे ती टेस्ट फिल्टरबद्दल काहीच सांगत नव्हती. गाळणी चांगली आहे की नाही हे कपात चहा आला यावरून कळत नाही ना, गाळणी नसली तरी चहा येतोच, चोथा कुठे अडकला ते बघावं लागतं. या सगळ्या लेखात तेच करायचंय, कुठल्या ओळी यायला नकोत ते आधी ठरवायचं आणि त्या खरंच येत नाहीत हे सिद्ध करायचं.

जँगोत आपला स्वतःचा फिल्टर साधारण तीन ठिकाणी राहतो. एक म्हणजे क्वेरीसेटची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा ऑब्जेक्ट) मेथड, जी अ‍ॅज-मॅनेजर करून मॉडेलला जोडतो. दुसरं कस्टम लुकअप किंवा ट्रान्सफॉर्म, म्हणजे दोन अंडरस्कोर देऊन जे वापरतो ते (लुकअप म्हणजे तुलनेचा प्रकार, ट्रान्सफॉर्म म्हणजे तुलनेआधी किमतीत केलेला बदल), स्वतःचे लुकअप लिहायची सोय १.७ पासून म्हणजे २०१४ पासून आहे. तिसरं जँगो-फिल्टर पॅकेजचा फिल्टरसेट, जो यूआरएलमधल्या पॅरामीटरवरून फिल्टर लावतो. तिघांच्या चुका वेगवेगळ्या असतात, त्यामुळे टेस्टही वेगळ्या.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या. मॉडेलचं नाव पावती, त्यात नाव, गाव, रक्कम, कधी आणि रद्द एवढी फील्ड. गाव नल (म्हणजे किंमतच नाही) असू शकतं, कारण जुना डेटा एक्सेलमधून आलाय आणि तिथे काही खाने रिकामेच होते. खाली कोडची नावं मी देवनागरीत लिहितेय, एडिटरमध्ये रोमनमध्येच टाका.

पहिलं डेटाचं बघू

टेस्टकेस क्लासमध्ये सेटअपटेस्टडेटा नावाची क्लासमेथड असते, डेटा तिथेच बनवा, सेटअपमध्ये नको. सेटअप प्रत्येक टेस्टला परत चालतं, हे क्लासला एकदाच चालतं आणि प्रत्येक टेस्ट स्वतःच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालून रोलबॅक होते (तिने केलेले बदल मागे घेतले जातात), त्यामुळे डेटा जसाच्या तसा राहतो. ३.२ पासून तर इथे बनवलेले ऑब्जेक्ट प्रत्येक टेस्टला वेगळी कॉपी म्हणून मिळतात, एका टेस्टने पावतीची रक्कम मेमरीत बदलली तरी दुसरीला त्रास नाही.

आता डेटा बनवायचा कसा तर फिल्टरमध्ये जेवढ्या अटी आहेत तेवढ्या ओळी "जेमतेम नापास" होणाऱ्या हव्यात. समजा फिल्टर असाय की रद्द नसलेल्या, ५०० किंवा जास्त रकमेच्या, पुण्यातल्या पावत्या. मग एक पावती सगळ्यात बसणारी. एक रद्द झालेली पण बाकी सगळं बरोबर. एक ४९९ ची, बाकी बरोबर. एक बरोब्बर ५०० ची, कारण मोठं आणि मोठं-किंवा-समान यातला घोळ तिथेच सापडतो. एक साताऱ्याची, एक गाव नल असलेली, आणि एक गाव रिकामी स्ट्रिंग असलेली, कारण नल आणि रिकामी स्ट्रिंग या डेटाबेसला दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्दा असा की नापास होणारी प्रत्येक ओळ फक्त एकाच कारणाने नापास व्हायला हवी. रद्द पण आहे, साताऱ्याची पण आहे आणि ४९९ ची पण आहे अशी ओळ टाकलीत तर तीनपैकी दोन अटी कोडमधून उडाल्या तरी ती बाहेरच राहणार आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

ओळींना नावं द्या, सेल्फ डॉट रद्द_झालेली, सेल्फ डॉट काठावरची असं. आयडी १ आहे, २ आहे असं कधीच धरून चालू नका, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रोलबॅक झाला तरी सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) मागे येत नाही, त्यामुळे एकटी चालवली तर पास आणि सगळ्यांबरोबर चालवली तर नापास अशी टेस्ट तयार होते आणि मग दुपार जाते त्यात.

अजून एक, "कधी" हे फील्ड ऑटो-नाऊ-अ‍ॅड असेल तर क्रिएट करताना तुम्ही दिलेली तारीख जँगो गुपचूप फेकून देतं आणि आत्ताची वेळ टाकतं. बल्क-क्रिएटनेही सुटका नाही. तारखेवरचा फिल्टर टेस्ट करायचा असेल तर आधी रेकॉर्ड बनवा आणि मग त्याच पीके (प्रायमरी की, म्हणजे आयडी) वर फिल्टर लावून अपडेट करा, अपडेट सरळ एसक्यूएल चालवतं, तिथे ऑटो-नाऊ-अ‍ॅड मध्ये येत नाही.

तुलना कशी करायची

काउंट तपासू नका. तीन यायला हवे होते, तीनच आले, पण भलतेच तीन आले तर? आलेल्या ओळींची ओळख तपासा.

बरेच जण इथे आयडींचा सेट बनवून सेटशी सेट तुलना करतात. बरं दिसतं, ऑर्डरची कटकट नाही. पण सेटमध्ये डुप्लिकेट गिळले जातात, आणि फिल्टरमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक तीच आहे, संबंधित टेबलवरून फिल्टर केला की जॉइन होतो, म्हणजे दोन टेबलं जोडली जातात, आणि एकच पावती दोनदा-तीनदा येते. समजा एका पावतीला अनेक हप्ते आहेत आणि तुम्ही "ऑनलाइन हप्ता असलेल्या पावत्या" असा फिल्टर लिहिलात, दोन हप्ते ऑनलाइन असलेली पावती दोनदा येणार, स्क्रीनवर दोनदा दिसणार, बेरीज दुप्पट होणार, आणि सेटवाली टेस्ट मात्र हिरवी. त्यामुळे असर्टकाउंटइक्वल वापरा. नावात काउंट असलं तरी ते नुसता आकडा बघत नाही, ऑर्डर सोडून बाकी सगळं बघतं, कोणती वस्तू किती वेळा आली तेसुद्धा. आणि डेटात मुद्दाम दोन जुळणारे हप्ते असलेली एक पावती ठेवा, एकच हप्ता ठेवलात तर हा प्रकार दिसणारच नाही.

ऑर्डर पण तपासायची असेल तर असर्टक्वेरीसेटइक्वल आहे. ४.२ मध्ये याच्या नावातला एस मोठा झाला आणि ५.१ मध्ये जुनं नाव काढून टाकलं, त्यामुळे जुने ट्युटोरियल बघून लिहिलंत तर नाव सापडत नाही म्हणून ओरडेल. क्वेरीसेटला ऑर्डर नसेल आणि तुम्ही एकापेक्षा जास्त किमतींशी क्रमाने तुलना करायला गेलात तर ते व्हॅल्यूएरर देतं, आणि बरोबरच देतं, ऑर्डर-बाय नसताना पोस्टग्रेस कुठल्याही क्रमाने ओळी देऊ शकतं.

हप्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक बघून घ्या. एकाच फिल्टर कॉलमध्ये "हप्ता ऑनलाइन" आणि "हप्ता १००० च्या वर" अशा दोन अटी दिल्या तर दोन्ही एकाच हप्त्याला लागू होतात. फिल्टर डॉट फिल्टर असं साखळीत लावलं तर एक हप्ता ऑनलाइन आणि दुसराच कुठला तरी १००० च्या वर असला तरी पावती येते. क्वेरीसेटच्या मेथड आपण साखळीतच वापरतो, त्यामुळे हा फरक हमखास चावतो. टेस्टमध्ये अशी एक पावती हवीच, २०० चा ऑनलाइन हप्ता आणि १५०० चा रोख हप्ता असलेली, आणि ती यायला हवी की नको हे तुम्ही ठरवून लिहा.

आर्थिक वर्ष, म्हणजे ३१ मार्चची रात्र

आपल्याकडे १ एप्रिल ते ३१ मार्च असा फिल्टर प्रत्येक अ‍ॅपमध्ये लागतोच. आणि तो बहुतेक वेळा रेंज लुकअप वापरून लिहिलेला असतो, २०२४-०४-०१ ते २०२५-०३-३१. फील्ड डेटटाइम असेल तर इथे शेवटचा दिवस अख्खा उडतो, कारण नुसती तारीख दिली की ती त्या दिवसाची सुरुवातीची रात्री बाराची (००:००) वेळ धरली जाते, म्हणजे ३१ मार्चच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या पावत्या बाहेर. आणि वर्षअखेरीला धावपळ त्याच दिवशी असते! बरोबर पद्धत म्हणजे सुरुवात धरून आणि पुढच्या वर्षाची सुरुवात सोडून, १ एप्रिल २०२४ रात्री १२ पासून १ एप्रिल २०२५ रात्री १२ च्या आधीपर्यंत.

टेस्टला चार पावत्या पुरतात. ३१ मार्च २०२४ रात्री ११:५९:५९, १ एप्रिल २०२४ रात्री १२:००, ३१ मार्च २०२५ रात्री ११:५९:५९, १ एप्रिल २०२५ रात्री १२:००. पावती.ऑब्जेक्ट्स.आर्थिक_वर्ष(२०२४) केल्यावर मधल्या दोनच यायला हव्यात. वर्षाच्या मध्यातली, ऑगस्टमधली वगैरे पावती टाकायची तर टाका, पण तिच्यामुळे काही सापडत नाही.

मग टाइमझोन. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे भारतातली १ एप्रिलची रात्री बाराची वेळ म्हणजे यूटीसीत ३१ मार्च संध्याकाळी ६:३०. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये टाइमझोन यूटीसी राहिला तर १ एप्रिलला मध्यरात्रीनंतर ते पहाटे साडेपाचच्या आत फाडलेल्या ऑनलाइन पावत्या मागच्या वर्षात जाऊन बसतात. यात दोन वेगळ्या वाटा आहेत, डेट किंवा इयर लुकअप वापरलं तर ते त्या क्षणी चालू असलेला टाइमझोन बघतं, आणि टाइमझोन न लावलेला डेटटाइम दिला तर जँगो सेटिंगमधला डिफॉल्ट बघतं, शिवाय एक रनटाइम वॉर्निंग देतं जी कोणी वाचत नाही. म्हणून तीच चार पावत्यांची टेस्ट तीनदा चालवा, एकदा नेहमीसारखी, एकदा टाइमझोन डॉट ओव्हरराइड वापरून यूटीसीत, एकदा ओव्हरराइड-सेटिंग्जने टाइमझोन बदलून. सबटेस्ट वापरलंत की एकाच फंक्शनमध्ये होतं आणि कुठली पडली तेही कळतं. तिन्हीकडे उत्तर तेच यायला हवं, येत नसेल तर मेथडमध्ये झोनइन्फो वापरून आशिया/कोलकाता स्पष्ट लिहा, हिशोबाचं वर्ष सर्व्हर कुठे ठेवलाय यावर ठरत नाही.

"आजच्या पावत्या" असा फिल्टर असेल तर आजची तारीख मेथडला आर्ग्युमेंट म्हणून घ्या, न दिल्यास आत काढा. डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्येच आजची तारीख लिहिली तर ती सर्व्हर सुरू झाला त्या दिवसाची गोठते, आणि टेस्ट तर काही सेकंदात संपते त्यामुळे तिला ते कधीच दिसत नाही. टेस्टमध्ये तारीख न देता बोलवा आणि टाइमझोन-नाऊला मॉक करून (खोटी वेळ द्यायला लावून) दुसरा दिवस दाखवा, मग सापडेल.

कस्टम लुकअप, इथे खरी मजा आहे

समजा कोणीतरी लुकअप लिहिलंय "सोडून", म्हणजे गाव__सोडून='पुणे' दिलं की पुणे सोडून सगळं यायला हवं, गाव माहीत नसलेल्या ओळीसुद्धा. अ‍ॅज-एसक्यूएलमध्ये (लुकअपचं एसक्यूएल बनवणारी मेथड) डावी बाजू म्हणजे कॉलम आणि उजवी बाजू म्हणजे दिलेली किंमत प्रोसेस करून त्याने असं एसक्यूएल जोडलं: डावं <> उजवं ऑर डावं इज नल. दिसायला सरळ आहे. आता याला टेस्टने कुठे कुठे टोचायचं बघा.

एक तर कंस. जँगो वेअरमधल्या अटी नुसत्या अँडने जोडतं, प्रत्येक लुकअपभोवती स्वतःहून कंस घालत नाही. त्यामुळे फिल्टर(गाव__सोडून='पुणे', रद्द=फॉल्स) लिहिलं की एसक्यूएलमध्ये अँड आधी बांधला जातो, ऑर नंतर, आणि पुण्याव्यतिरिक्त दुसऱ्या गावाची प्रत्येक पावती रद्द असली तरी आत येते. एकटा लुकअप टेस्ट केला तर हे जन्मात दिसत नाही. म्हणून प्रत्येक कस्टम लुकअपची निदान एक टेस्ट दुसऱ्या अटीच्या सोबतीने हवी, आणि दुसरी अट साखळीत आधी आणि नंतर अशा दोन्ही क्रमाने दिलेली बरी (एकाच फिल्टर कॉलमधली कीवर्ड नावं जँगो स्वतःच क्रमाने लावतं).

दुसरं पॅरामीटर, म्हणजे एसक्यूएलमधल्या रिकाम्या जागांसाठी वेगळ्या पाठवलेल्या किमती. या एसक्यूएलमध्ये डावी बाजू दोनदा आलीय, त्यामुळे डाव्या बाजूचे पॅरामीटरही दोनदा द्यायला हवेत, आणि एसक्यूएलमध्ये जागा ज्या क्रमाने आल्यात त्याच क्रमाने, डावे, उजवे, परत डावे. साध्या कॉलमवर डाव्या बाजूला पॅरामीटर नसतातच, रिकामी यादी असते, त्यामुळे विसरलात तरी चालून जातं. डाव्या बाजूला पॅरामीटर असलेलं एक्स्प्रेशन ठेवा, म्हणजे अ‍ॅनोटेट करून कोअलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) मध्ये गाव आणि व्हॅल्यू('अज्ञात') द्या आणि त्या अ‍ॅनोटेशनवर लुकअप लावा. संख्या चुकली असेल तर ड्रायव्हर लगेच ओरडतो, क्रम चुकला असेल तर ओरडत नाही, चुकीच्या ओळी देतो, म्हणून इथे पण निकाल तपासा, नुसतं एरर आला नाही यावर खूश होऊ नका. उजव्या बाजूला पण असंच, टेस्टमध्ये एकदा साधी किंमत द्या आणि एकदा एफ एक्स्प्रेशन देऊन दुसऱ्या कॉलमशी तुलना करा. जाता जाता, पॅरामीटर कधी लिस्ट असतात कधी टपल, अधिक चिन्हाने जोडायला गेलात तर कधीतरी टाइपएरर येतो, दोन्ही उलगडून एक टपल बनवून परत करा.

तिसरं म्हणजे नल आणि एक्सक्लूड (फिल्टरच्या उलट, जुळणाऱ्या ओळी वगळणारी मेथड), आणि हे बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. एक्सक्लूड केलं आणि कॉलम नल होऊ शकणारा असेल तर जँगो आतल्या अटीला स्वतःहून "आणि कॉलम नल नाही" असं जोडतं आणि मग सगळ्याला नॉट लावतं. हे ते कुठल्याही लुकअपसाठी करतं, तुमच्यासाठीसुद्धा. आता कंस घालून दुरुस्त केलेला आपला "सोडून" घ्या. फिल्टर केलं की नल गावाची पावती येते, तसं आपणच लिहिलंय. एक्सक्लूड केलं तर? आतली अट नल ओळीसाठी खरी, पण जँगोने जोडलेली "नल नाही" खोटी, दोन्ही मिळून खोटी, नॉट लावल्यावर खरी. म्हणजे तीच पावती एक्सक्लूडमध्येही येते! फिल्टर आणि एक्सक्लूड, दोन्हीकडे एकच ओळ.

हे पकडायला एक छोटी टेस्ट आहे जी मी प्रत्येक लुकअपला लावते: फिल्टरच्या ओळी आणि एक्सक्लूडच्या ओळी एकत्र केल्या की बरोब्बर सगळ्या ओळी एकेकदाच यायला हव्यात. असर्टकाउंटइक्वलमध्ये एका बाजूला दोन लिस्टची बेरीज आणि दुसऱ्या बाजूला ऑल. डेटात नल ओळ असेल तर "सोडून" इथे लगेच पडतो. आणि मग लक्षात येतं की हा लुकअप लिहायचीच गरज नव्हती, साधं एक्सक्लूड(गाव='पुणे') जँगोमध्ये नल ओळींसकट तेच देतं, वर सांगितलेल्या त्याच कारणाने. नुसतं डावं <> उजवं असलेला नॉट-इक्वल लुकअप घेतला तर तो मात्र नल ओळी फिल्टरमध्ये देत नाही, ही टेस्ट पास करतो, पण एक्सक्लूड केल्यावर पुण्याबरोबर नल गावंही देतो. ते तुम्हाला चालतंय का हे टेस्टमध्ये वेगळं लिहून ठेवा.

लुकअपला नन (पायथॉनमधलं "काहीच नाही") दिलं तर काय? जँगो स्वतःच व्हॅल्यूएरर देतं. ती पण एक ओळीची टेस्ट लिहा, असर्टरेझेस वापरून. इथे लक्षात ठेवा की क्वेरीसेट आळशी असतो, लुकअप सापडला नाही किंवा नन दिलं याचा एरर फिल्टर लिहिताक्षणीच येतो, पण डेटाबेसकडून येणारा एरर ओळी मागितल्यावरच येतो, म्हणून ब्लॉकच्या आत लिस्ट करून टाका म्हणजे दोन्ही पकडले जातात. असर्टनमक्वेरीजचंही तेच, आत लिस्ट नाही केलं तर शून्य क्वेरी झाल्या असं दिसेल.

टेस्टपुरता लुकअप रजिस्टर करायचा असेल तर जँगोच्या टेस्ट युटिल्समध्ये रजिस्टर-लुकअप नावाचा काँटेक्स्ट मॅनेजर आहे, विथ ब्लॉक संपला की लुकअप आपोआप निघून जातो. कायमचा रजिस्टर केला तर एका टेस्टचा लुकअप दुसऱ्या टेस्टला दिसत राहतो आणि प्रॉडक्शनमध्ये रजिस्टर करायचंच राहिलंय हे झाकलं जातं.

एसक्यूएलची स्ट्रिंग अक्षर न अक्षर तपासायची का? माझं मत, नको. अवतरण चिन्हं, टेबलची टोपणनावं व्हर्जनप्रमाणे बदलतात आणि टेस्ट उगाच पडतात. स्वतःला बघायला क्वेरी प्रिंट करा, पण प्रिंट झालेल्या स्ट्रिंगमध्ये किमतींना नीट अवतरणं नसतात, ती तशीच उचलून डेटाबेसमध्ये चालवायला गेलात तर चालेलच असं नाही.

मराठी मजकुरावरचा फिल्टर

हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुठेच सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर. गाव "कऱ्हाड". यातला ऱ् दोन-तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे एकच अक्षर आणि हलंत. दोन, साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलंत. तीन, साधा र, हलंत, आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, कऱ्हाड आणि कर्‍हाड, डेटाबेसला मात्र ते वेगळे शब्द आहेत. कीबोर्डप्रमाणे लोक वेगवेगळं टाइप करतात आणि मग "मी भरलेली पावती सर्चमध्ये येत नाही" अशी तक्रार येते.

पहिला आणि दुसरा प्रकार युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एकच रूप देणारी पद्धत) एक होतात. तिसरा होत नाही, त्याला र-हलंत-जॉइनर बदलून ऱ-हलंत असं स्वतः रिप्लेस करावं लागतं. तेव्हा एक ट्रान्सफॉर्म लिहा, नाव "एकरूप", आधी रिप्लेस, मग नॉर्मलाइज, आणि बायलॅटरल ट्रू ठेवा म्हणजे कॉलम आणि शोधायचा शब्द दोन्हींवर तो लागतो. मग गाव__एकरूप__कंटेन्स असं वापरता येतं.

टेस्टमध्ये हे तीन प्रकार थेट टाइप करू नका, एडिटर किंवा कॉपीपेस्ट मध्येच त्यांना बदलून टाकू शकतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला तिन्ही ओळी सारख्याच दिसतील. युनिकोडचे एस्केप कोड लिहा, साधा र म्हणजे ०९३०, ऱ म्हणजे ०९३१, नुक्ता ०९३सी, हलंत ०९४डी, जॉइनर २००डी. तीन पावत्या तीन प्रकारच्या, आणि तिन्ही प्रकारांनी शोध, म्हणजे नऊ जोड्या, दोन लूप आणि सबटेस्ट. बायलॅटरल विसरलात तर नऊपैकी काहीच पास होतील आणि नेमक्या कुठल्या ते बघून कारण कळतं.

आणि न येणारी ओळ? "कराड". तेच गाव, पण वेगळं स्पेलिंग. एकरूपने हे जुळवायला जाऊ नये, ते काम समानार्थी नावांच्या टेबलचं. शिवाय "कर्हाड", जॉइनर न देता साधा र्ह, रफारवाला. हाही येऊ नये, नुसता जॉइनर पुसून टाकणारा सोपा उपाय केला असेल तर तो इथे उघडा पडतो.

बायलॅटरल ट्रान्सफॉर्म उजवीकडे दुसरा क्वेरीसेट दिला तर चालत नाही, नॉट-इम्प्लिमेंटेड एरर येतो, तेही एका टेस्टमध्ये नोंदवून ठेवा म्हणजे पुढे कोणी वापरायला गेलं तर आश्चर्य नको.

स्वतः लाइक लिहिलं असेल तर

कंटेन्ससारखं काही स्वतःच्या एसक्यूएलमध्ये केलं असेल तर टक्का आणि अंडरस्कोर टाकून बघा, एसक्यूएलच्या लाइकमध्ये टक्का म्हणजे काहीही आणि अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर. जँगोचे तयार लुकअप हे एस्केप करतात, तुमचा करत नसेल तर सर्चमध्ये नुसता टक्का टाकला की अख्खं टेबल येतं. डेटात "५०% सूट" अशी एक नोंद आणि "५०० सूट" अशी एक, शोध "५०%", यायला हवी एकच. आणि वसई-गोव्याकडचं डी'सूझा आडनाव घेऊन एक शोध, मधल्या अवतरणामुळे एरर आला तर समजा किंमत पॅरामीटरमधून न जाता एफ-स्ट्रिंगने एसक्यूएलमध्ये घुसलीय, आणि ते इंजेक्शनला (बाहेरून एसक्यूएल घुसवायच्या हल्ल्याला) दिलेलं उघडं दार आहे. अ‍ॅज-एसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये खरोखरचा टक्का हवा असेल तर दोनदा लिहावा लागतो, नाहीतर ड्रायव्हर त्याला पॅरामीटरची जागा समजतो.

फिल्टरसेट

हे थोडक्यात, कारण याला व्ह्यू किंवा यूआरएल लागतच नाही. फिल्टरसेटला डिक्शनरी आणि क्वेरीसेट द्या, क्यूएस प्रॉपर्टी बघा, झालं. खरे धोके तीन आहेत आणि तिन्ही एकाच पठडीतले, फिल्टर गप्प बसतो आणि सगळं दाखवतो. पॅरामीटरचं नाव चुकलं, समजा गाव ऐवजी गांव, तर तो न सांगता दुर्लक्ष करतो. किंमत रिकामी आली तर फिल्टर लागतच नाही. किंमत अवैध आली, रकमेत "पाचशे" असं, तर तो भाग गळतो आणि क्यूएस मागितलं तर बाकीच्या ओळी मिळतात, इज-व्हॅलिड तपासणं तुमच्यावर असतं. रेस्ट फ्रेमवर्कच्या (जँगोत एपीआय बनवायचं पॅकेज) बॅकएंडमधून गेलात तर अवैध किमतीला ४०० (चुकीची विनंती) मिळतो, म्हणून एक टेस्ट थेट फिल्टरसेटवर आणि एक एपीआयवरून. कोण काय बघू शकतं हे ठरवणारी अट, जसं की फक्त आपल्या मंडळाच्या पावत्या, फिल्टरसेटमध्ये ठेवूच नका, ती व्ह्यूच्या गेट-क्वेरीसेटमध्ये हवी, आणि तिची टेस्ट दोन मंडळांचा डेटा ठेवून, पॅरामीटर अजिबात न देता.

चालवायचं कुठे

एसक्यूलाइटवर टेस्ट भराभर चालतात, मेमरीतच डेटाबेस बनतो, मोह होतो. पण फिल्टरच्या टेस्टला तो मोह टाळा. एसक्यूलाइटमध्ये कंटेन्ससुद्धा आय-कंटेन्ससारखं वागतं, लहान-मोठी एबीसीडी एकच धरतं, पोस्टग्रेस तसं करत नाही. व्हारकॅरची लांबी एसक्यूलाइट पाळत नाही. डिस्टिंक्टला फील्डची नावं दिलीत तर तिथे चालतच नाही. मायएसक्यूएलमध्ये साधी समान तुलनासुद्धा डिफॉल्ट कोलेशनमुळे (अक्षरांच्या तुलनेचे नियम) लहान-मोठ्यात फरक करत नाही. प्रॉडक्शनला जो डेटाबेस आहे तोच टेस्टला. एकाच लुकअपला वेगवेगळे डेटाबेस चालवायचे असतील तर अ‍ॅज-पोस्टग्रेएसक्यूएल, अ‍ॅज-एसक्यूलाइट अशा वेगळ्या मेथड लिहिता येतात, पण मग तेवढ्या सगळ्यांवर टेस्ट चालवायची तयारी ठेवा.

वेग हवा तर कीपडीबी फ्लॅग द्या, दर वेळी टेस्ट डेटाबेस नव्याने बनत नाही. टेस्ट एकाच वेळी चालवणारा पॅरलल आहेच. शफल फ्लॅग ४.० पासून आलाय, टेस्टचा क्रम पिसतो, कायमचे रजिस्टर झालेले लुकअप आणि हार्डकोड आयडी यात लगेच बाहेर येतात. आणि टेस्ट पडली की डीबग-एसक्यूएल देऊन परत चालवा, पडलेल्या टेस्टने नेमक्या कुठल्या क्वेरी मारल्या ते छापून येतं, ऑरभोवती कंस आहे की नाही हे तिथे एका नजरेत दिसतं.

इंडेक्स वापरला जातोय का हे एक्सप्लेन मेथडने तपासायची टेस्ट मात्र लिहू नका. टेस्टच्या डेटात पाच-दहा ओळी, एवढ्याशा टेबलवर पोस्टग्रेस इंडेक्स असूनही सरळ अख्खं टेबल वाचतं, ते त्याला स्वस्त पडतं. ते काम खऱ्याएवढा डेटा असलेल्या स्टेजिंगवर (प्रॉडक्शनसारख्या चाचणीच्या सर्व्हरवर) हाताने करा, एकरूपसारखा ट्रान्सफॉर्म असेल तर नक्कीच करा, कारण साधा इंडेक्स त्याला उपयोगी पडत नाही, त्याच एक्स्प्रेशनवर वेगळा इंडेक्स लागतो, जो ३.२ पासून मॉडेलच्या मेटामध्येच देता येतो. आणि सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) पोस्टग्रेसचं व्हर्जन प्रॉडक्शनचंच लिहा, लेटेस्ट नको, नॉर्मलाइज फंक्शन १३ च्या आधीच्या पोस्टग्रेसमध्ये नाहीच, सीआय हिरवा असेल आणि सर्व्हरवर पहिल्याच सर्चला पान फुटेल.